मेश्राम मॅडमचा बर्फाचा डबा

परवा आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेतला बाक उचलून नेला. लाकडी, पाठ नसलेला, भिंतीला लावून ठेवलेला साधा बाक. नव्या व्यवस्थापकांना त्या जागी नोंदणीचा संगणक ठेवायचा होता. दोन माणसं आली, त्यांनी तो आडवा करून दारातून काढला आणि इतकी वर्षं टेकलेल्या पाठींचा एक लांबट तेलकट पट्टा तेवढा भिंतीवर राहिला. मी तो पाहत उभा राहिलो. बाक कुमुद मेश्राम मॅडमनी ठेवला होता, आणि त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

आमच्याकडे लाळ तपासतात. ट्रक, डंपर, क्रेन चालवणाऱ्या माणसांनी गांजा, अफू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या आहेत का, हे कंपन्यांना कामावर सोडण्याआधी जाणून घ्यायचं असतं. लघवीपेक्षा लाळ सोपी. समोरच घेता येते, लपवाछपवी होत नाही. कापसाची कांडी तोंडात ठेवायची, ती भिजली की नळीत बंद करायची. मेश्राम मॅडम तिथल्या मुख्य तपासनीस होत्या. मी त्यांच्या निष्कर्षांची भाषा नीट करून रिपोर्ट तयार करत असे. माझ्या टेबलावर नेहमी एखादं पुस्तक पडलेलं असायचं, म्हणून त्या मला मास्तर म्हणत. मी कधीही मास्तर नव्हतो.

अंगानं लहानखुऱ्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि होळी झाली की डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा. त्या मोठ्यानं बोलत नसत. पण नमुना द्यायला आलेला माणूस आत शिरला की त्यांचा आवाज हमखास ऐकू यायचा, "बसा. दहा मिनिटं."

हा बाक त्या दहा मिनिटांसाठी होता. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांच्या गालात खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला तो लगदा तोंडात असताना घेतलेली लाळ लाळ राहतच नाही. कांडी लालभडक होते आणि चाचणी काहीही दाखवते. म्हणून मॅडम आधी खर्रा टाकायला लावत, चूळ भरायला लावत आणि मग बाकावर बसवत. नियम सगळ्याच प्रयोगशाळांत आहे. पाळणाऱ्या थोड्या आहेत, कारण दहा मिनिटांत आणखी तीन माणसं उरकता येतात.

एकदा सावनेरकडचा एक जाडजूड ट्रकवाला फार वैतागला. बाकावर बसून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की, जिकडे पाहावं तिकडे भिंतीवर लिहून ठेवलं आहे थुंकू नका, आणि इथे कंपनी गाडी पाठवून थुंकायला घेऊन येते. बाकावरची सगळी माणसं हसली. मॅडम हातमोजे चढवत होत्या. त्या म्हणाल्या, "इथं पण थुंकायचं नाही गा. थुंकलं का बाहेर काढीन. कांडी तोंडात ठेवा आन् चूप बसा, घरी बसता तसे." मग तोही हसला.

त्या दहा मिनिटांत मॅडम त्या माणसांशी बोलत. गाव कोणतं, पोरं काय शिकतात, सकाळी काय खाल्लं, खोकल्याचं औषध चालू आहे का. बोलता बोलता त्यांना हवं ते कळत असे. पण मला वाटतं, नुसतं त्यासाठीही नव्हतं. संशयावरून बोलावलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलं की तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडातून लाळ मिळत नाही. त्या म्हणत, "माणूस निवला का लाळ येते. तिले घाई केली का ती आपल्यालेच फसवते."

बाहेरून बर्फाच्या डब्यात आलेली नळी हातात घेतल्यावर त्या आधी हाताची उलटी बाजू तिला लावून पाहत, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. तापमान दाखवणारी चकती डब्यात असायचीच, तीही त्या वाचत. पण हात लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. आणखी एक. 'अमका पॉझिटिव्ह आला' असं कुणी म्हटलं की त्या हातातलं काम थांबवून म्हणत, "पट्टी आली. माणूस नाही आला." पट्टी म्हणजे झटपट चाचणी. ती फक्त शंका दाखवते. लाळेत नेमकं काय आणि किती आहे, ते मोठ्या मशीनवरच कळतं. मशीनवरून निघाल्याशिवाय त्या माझ्याकडे एक ओळही पाठवत नसत.

खसखशीची गोष्ट अजून आमच्याकडे सांगितली जाते. एका कंपनीचे तीन ड्रायव्हर एकाच दुपारी अफूच्या पट्टीवर अडकले. तिघंही हातापाया पडून सांगत होते की आम्ही फक्त जेवून आलो. मॅडमनी बाकावर विचारपूस केली तेव्हा कळलं, तिघांनी शेजारच्या सावजी भोजनालयात रस्सा ओरपला होता. सावजी रश्श्यात वाटलेली खसखस असते, आणि खसखस अफूच्याच बोंडातली. मशीनवर तिघंही सुटले. अंश इतका थोडा होता की त्याला नशा म्हणताच येत नाही. एवढ्यावर विषय संपला असता. पण मॅडमना आपल्या रश्श्यानं नेमकं काय होतं ते पाहायचं होतं.

त्या मांस खात नसत, तिखटही त्यांना सोसत नसे. त्यांनी त्याच भोजनालयातून बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा मागवला आणि प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत ताट घेऊन बसल्या. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. आमची सगळी पोरं दारात गोळा झाली. मी पाणी पुढे केलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. पाणी प्यायलं की लाळ पातळ होईल. जेवण संपवून त्या स्वतःच बाकावर जाऊन बसल्या आणि थोड्या थोड्या वेळानं स्वतःची कांडी नळीत भरत राहिल्या. मशीनवर पहिल्या नळीत अफूचा पुसट अंश निघाला, पुढच्यांत विरत गेला, मग काहीच नाही. लाल झालेल्या तोंडानं त्या मला म्हणाल्या, "लिहा मास्तर. सावजी खाऊन आलेल्याले जरा जास्त बसवायचं." त्या दिवसापासून आमच्या प्रश्नांत 'आज काय जेवलात' हा प्रश्न आला. सगळ्यांना तो गप्पांचा वाटतो.

दसऱ्याला त्या दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाणी वाटायला उभ्या असत. त्या दिवसाखेरीज रजा घेतलेली मला आठवत नाही. घरी एकट्याच होत्या. त्यांच्याविषयी याहून जास्त मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

किसना नेवारेचं प्रकरण त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं.

किसना उमरेडकडच्या एका कोळसा खाणीत कंत्राटदाराचा डंपर चालवत असे. सकाळी पाळीवर जाताना फाटकाशी सुरक्षा पर्यवेक्षकानं त्याची लाळ घेतली. बसवलं नाही, चूळ भरायला लावली नाही. गालात खर्रा तसाच. त्या पट्टीत रेघ उमटली तर माणूस मोकळा, नाही उमटली तर शंका. खर्ऱ्याच्या लाल पाण्यात रेघ उमटलीच नाही किंवा उमटलेली दिसली नाही. गांजा, असा शेरा पडला. किसनानं लगेच चूळ भरून दुसरा नमुना घ्यायला लावला आणि तो आमच्याकडे पाठवा म्हणून हटून बसला. कंत्राटदारानं ते मान्य केलं. दोन नळ्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांत, कंपनीच्या जीपनं निघाल्या. आमचं मशीन काय म्हणेल त्यावर किसनाची नोकरी राहायची की जायची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

डबा सकाळी निघाला तो आमच्या दारात आला संध्याकाळी. जीपचा ड्रायव्हर पोरगेलासा होता, नवा सदरा घातलेला, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. मॅडमनी झाकण उघडलं. आत दोन नळ्या होत्या आणि तळाशी थोडं पाणी.

वाटेवर त्याच्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. तो फक्त तोंड दाखवायला उतरला होता. "जेवल्याशिवाय सोडूनच नाही राहिले जी मॅडम," तो म्हणाला. "पण डबा मी उन्हात नाही ठेवला. मांडवात ठेवला, सावलीत."

"आन् बर्फ?"

तो खाली बघायला लागला. "बायाईले वाटलं, मी लग्नासाठीच आणला. पिशव्या फोडून मठ्ठ्यात टाकला."

आमच्यातला कुणीतरी हसला. मलाही हसू आवरलं नाही, हे खरं आहे. मॅडम हसल्या नाहीत. मठ्ठा पिऊन कुणाला काही झालं तर नाही ना, एवढं त्यांनी विचारलं. मग एक नळी उचलून तिला हाताची उलटी बाजू लावली. हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

गरम झालेला नमुना घ्यायचा नाही, असा नियम आहे आणि त्याला कारण आहे. गांजाचा अंश लाळेत नाजूक असतो. उष्णतेनं तो नासतो, नळीच्या प्लास्टिकला चिकटून बसतो. अशी नळी मशीनवर घातली तर बहुतेक काहीच सापडणार नाही. पण त्या काहीच नसण्याला काही अर्थ उरत नाही.

आमचे संचालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, मशीनवर घाला, निगेटिव्ह येईल, तो बिचारा कामावर जाईल, कुणाचं काय बिघडतं. मॅडम म्हणाल्या, "येईल ना सर निगेटिव्ह. पिलेल्याचंही येईल. उद्या खरंच पिलेल्याची नळी अशीच गरम आली, तर त्यालेही आपन सोडू. मंग तो डंपर घेऊन खाली खाणीत उतरेल. खाली माणसं असतात." संचालक म्हणाले, निदान घालून तरी बघा, आपल्यापुरतं. त्यालाही त्या नाही म्हणाल्या. आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की मन त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नळ्या त्यांनी सील करून शीतपेटीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी किसनाची बायको उमरेडहून एसटीनं आली. सविता. सवयीनं आमच्या पोरानं तिला बाकावर बसवलं. मॅडम बाहेर आल्या आणि समोर खुर्ची न घेता तिच्या शेजारी बाकावरच बसल्या. सवितानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लग्न, मठ्ठा, बर्फ. मग म्हणाली, "फाटकावरच्या पट्टीवर आलं ते खरं धरून राहिले सगळे. मंग तुमच्या मशीनवर काहून नाही टाकत?"

मॅडमनी पुन्हा समजावलं. ती ऐकत होती, पण वेगळंच काहीतरी जुळवत होती.

"मॅडम, तुमाले वाटते का, यानं गांजा पिला म्हणून?"

"नाही वाटत."

"मंग तसं लिहून द्या ना."

मी दाराशी उभा होतो. आत जावं की थांबावं, ते कळेना. मॅडम म्हणाल्या, "वाटते ते लिहिता नाही येत वं बाई. पाहिलं ते लिहिता येते. आन् मी काही पाहिलंच नाही."

सविता उठली. रागावली नाही, रडली नाही. जाताना तिनं मॅडमना नमस्कार केला. मॅडम तिथेच बसून राहिल्या. बाकावर आणखी दोघं आपापली दहा मिनिटं संपायची वाट पाहत होते. ते नजर चुकवून खर्रा टाकायच्या डब्याकडे बघत राहिले.

रिपोर्टची भाषा माझी. नमुना तपासणीस योग्य नाही, कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, असं मी लिहिलं. मॅडमनी खाली आपल्या हातानं वाक्यं वाढवली: संबंधित व्यक्तीने अमली पदार्थ घेतला असा याचा अर्थ होत नाही, फाटकावरील चाचणी योग्य रीतीने झालेली नसल्याने ती ग्राह्य धरू नये. कंत्राटदाराच्या कचेरीत फक्त पहिली ओळ वाचली गेली. मॅडम तिथे स्वतः जाऊन आल्या. तिथेही कुणी वाईट वागलं नाही. थंड पाणी दिलं, चहा दिला. साहेब म्हणाले, तुम्ही निगेटिव्ह लिहून द्या, मी उद्या त्याला गाडीवर बसवतो. मॅडमना तेवढंच करता येत नव्हतं. पुन्हा लाळ घ्या, असं त्या म्हणाल्या तेव्हा साहेबांनी नम्रपणे विचारलं, आजच्या लाळेवरून त्या दिवशीचं कळेल का. कळत नाही, असं मॅडमनीच सांगितलं.

किसनाचं काम गेलं. काही दिवसांनी त्या कंत्राटदाराचं काम आमच्याकडूनही गेलं. शहरातली दुसरी एक प्रयोगशाळा संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देत होती, कुणाला बसवत नव्हती.

त्या दिवसांत मी घरी पुस्तकं उघडून बसत असे. खरं बोलल्यानं माणसाचं नुकसान झालं तर काय करायचं, याविषयी थोरामोठ्यांनी बरंच लिहिलं आहे. नळीला हात लावून पाहणाऱ्या बाईला सांगता येईल असं त्यात मला काही सापडलं नाही. मॅडमनीही कधी विचारलं नाही. त्यांनी फक्त एक केलं. खाणीकडच्या उरलेल्या कंपन्यांचे नमुने त्या स्वतः जाऊन घ्यायला आणि आणायला लागल्या. कठीण प्लास्टिकचा, झाकण घट्ट बसणारा निळा डबा घ्यायचा, बर्फ भरायचा आणि एसटीनं जायचं. संचालकांनी माणूस देऊ केला, गाडी देऊ केली. त्या म्हणाल्या, गाडीवाल्याले नातेवाईक असतात.

उमरेडच्या स्टँडवर उतरलं की खाणीपर्यंत ऑटो करावी लागते. पहिल्याच खेपेला समोर जी ऑटो येऊन थांबली ती किसनाची होती. म्हणजे त्याच्या भावाची, काम गेल्यावर किसना ती चालवायला लागला होता. पुढे दर वेळी तोच त्यांना नेई आणि आणून सोडी. खाणीच्या फाटकाशी तो आत येत नसे. बाहेर बाभळीखाली थांबे. आणि परत निघताना, डबा ऑटोत ठेवला की, दर वेळी एकच विचारी, "बर्फ आहे ना मॅडम?"

त्यात टोमणा नव्हता. "टोमणा असता तर बरं झालं असतं मास्तर," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

गेल्या मे महिन्यात मीही त्यांच्याबरोबर उमरेडला गेलो. एका कंपनीला रिपोर्टमधले शब्द समजावून हवे होते. ऊन असं होतं की ऑटोच्या दांडीला हात लावता येत नव्हता. मॅडम थकलेल्या दिसत होत्या. खाणीत नमुन्याआधी बसवलेल्या ड्रायव्हरांशी त्या नेहमीसारख्या बोलल्या, पण मधूनच थांबून दम घेत होत्या. मी म्हटलं, डबा मी नेतो, तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं या. माझं काम अजून संपलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमचं काम थांबेल. डबा नाही थांबत."

स्टँडपर्यंत मी सोडायला आलो. नागपूरची गाडी लागलेली होती. किसनानं ऑटोतून डबा उतरवला, एसटीच्या पायरीशी नेला आणि तिथे थांबून विचारलं, "बर्फ आहे ना मॅडम?"

एरवी त्या फक्त 'आहे' म्हणत. त्या दिवशी त्यांनी डबा पायरीवर ठेवायला लावला आणि झाकण उघडलं. किसना वाकला. त्यानं बर्फाच्या पिशवीला हात लावला, मग बाजूच्या एका नळीला, बोटांनी नव्हे, हाताच्या उलट्या बाजूनं. ते त्यानं कधी पाहिलं होतं, कोण जाणे. नळी गार होती. त्यानं मान हलवली, झाकण दाबून बसवलं आणि डबा आत नेऊन त्यांच्या मांडीवर दिला.

खिडकी उन्हाच्या बाजूची होती. मी खालून त्यांना दुसरीकडे बसा म्हणून सांगितलं, पण गाडी भरली होती. मॅडमनी डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडला. बाटलीतलं पाणी त्यावर ओतून तो पिळला, निळ्या डब्याला दोन वेढे दिले आणि टोक आत खोचलं. ऊन सरळ त्यांच्या उघड्या डोक्यावर येत होतं. "मॅडम, डोक्याले बांधा ना जी," किसना ओरडला. गाडी चालू झाली होती, त्यांना ऐकू गेलं नसावं. त्या डब्यावर दोन्ही हात ठेवून समोर बघत होत्या.

मी त्याच आठवड्यात मुलीकडे पुण्याला गेलो, आणि मृगाच्या आधीच तिकडे फोन आला. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले. उन्हाचं कुणी काही म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. पाहिलं तेवढंच लिहितो आहे. त्या दिवशी गाडी स्टँडच्या फाटकातून वळली, धूळ उठली, आणि किसना आणि मी तिथे उभे राहिलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, पोचेल बर्फ नागपूरपर्यंत. मी हो म्हटलं.